पवईच्या तलावात कोण बुडत होतं?

आत्ताच वाकोल्याहून घरी आलेय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. आज बाबांचे शाळासोबती पास्कलकाका यांचा पंच्याऐंशीवा वाढदिवस होता.

केक कापल्यावर नातवंडांनी बाबांकडे नेहमीची गोष्ट मागितली. पन्नासच्या दशकात, शाळेत असताना, बाबांनी पास्कलकाकांना पवईच्या तलावातून कसं वाचवलं, ती. तेव्हा शाळेत बाबांचा सत्कारही झाला होता.

बाबा उठले आणि म्हणाले, "खोटं आहे ते. बुडत मी होतो, यानं मला बाहेर ओढलं. भिजून घरी गेलो, वडील मारतील म्हणून उलटं सांगितलं."

काका हळूच म्हणाले, "माझं जाऊ दे रे. पण आई दर नाताळला तुझ्यासाठी वेगळा डबा भरायची, लेकाला वाचवलंस म्हणून. तिला तरी सांगायचंस ना."

बाबा रडायला लागले. काकांनी त्यांना जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

येताना रिक्षात बाबांनी विचारलं, "उद्या मला तिच्या कबरीपाशी नेशील?"

नेणार आहे. तुमचं कुणाला असं काही सांगायचं राहिलंय का?