वाघाच्या पट्ट्यांतलं नाव

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणाविषयी लिहायचा अधिकार मला आहे का, ठाऊक नाही. चुकलं तर माफ करावं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा सेलूच्या भिंतींवर रंगवणारा एक पेंटर होता. देशी दारूच्या कारखानदारानं बाटलीच्या लेबलासाठी त्याच्याकडून वाघ काढून घेतला. मी शेजारी चहा पीत होतो.

"मालक, कोपऱ्यात माझं नाव टाकतो," पेंटर म्हणाला.

"तुमी विद्यापीठाला नाव मागायलाव, तेवढं बस हाय! बाटलीवर तुझं नाव वाचून कोण पिणार?"

पेंटरनं कानामागचा ब्रश काढला. "बरं. मग पट्टे जरा वाढवतो."

मालकाचा जीव वाघाच्या मिशांत. त्या आपल्यासारख्या झाल्यात, एवढं बघून त्यानं लेबल छापायला धाडलं. पेंटर हरला, असं मला वाटलं. शिकलेल्याला असं लगेच वाटतं.

वर्षभरानं पिंगळीच्या मित्राकडून कळलं, की पिणाऱ्यांनी पट्ट्यांत लपवलेली अक्षरं शोधून काढलीत. आता तिथल्या दुकानात दारूचं नाव कुणीच घेत नाही. सगळे पेंटरच्याच नावानं बाटली मागतात, आणि खप होतोय म्हणून मालकही मुकाट्यानं पेट्या पाठवतो.