एक पाय धक्क्यावर

वारज्याच्या आमच्या सोसायटीतल्या या गृहस्थांना उशिराची विलक्षण धास्ती. क्रूझला आमची दोन्ही कुटुंबं बरोबर निघाली. कोचीला जहाज दिवसभर थांबणार होतं. "जहाजवाल्यांच्या सहलीत मेंढरांसारखं कोण फिरणार?" असं म्हणत यांनी पुण्यातूनच फोन करकरून टॅक्सी ठरवली, आणि स्वतःचीच झोप उडवून घेतली. लिफ्टमध्ये भेटले तरी तेच: "त्यांची बस अडकली तर जहाज थांबेल हो. आपल्या टॅक्सीसाठी थांबायला ते काय आपल्या तीर्थरूपांचं आहे?"

कोचीला आम्ही आणि यांची बायको टॅक्सीत बसलो, पण हे जहाजावरच थांबले. "तुम्ही या फिरून. माझं पाहून झालंय." कोची त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

परतताना खरंच वाहतुकीत अडकलो. धापा टाकत पोचलो, तर हे जहाजाच्या जिन्याशी उभे, एक पाय पायरीवर, दुसरा धक्क्यावर. खलाशी विनवत होता, "साब, अंदर आइए." बायको वर चढेपर्यंत यांनी धक्क्यावरचा पाय उचलला नाही.

"अहो, तुम्हीही यायचं होतं," मी म्हणालो.

"मग जहाज कोणी धरून ठेवलं असतं?"