नवरदेवाला पॉलिश

कारखान्यात माझं काम तपासणीचं. दुसऱ्यांच्या चुका पकडायच्या आणि वर चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवायच्या, हे मी वर्षानुवर्षं इमानेइतबारे करत आलो. घरी, कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर, मी दगड कापतो. ज्यांच्यात शिंपले, हाडं, जुनं लाकूड असं काहीबाही गोठून दगड झालेलं असतं, ते कापायचे, काडीला लाखेनं चिकटवायचे आणि चाकावर घासून अंगठीत बसतील असे फुगीर खडे करायचे. बायको याला 'रिकामा न्हावी' म्हणते. पुढच्या तुंबड्या ती सांगत नाही.

दिवाळीआधी तिनं देव घासायचं काम माझ्यावर टाकलं. घासण्यात तुमचा हात कोण धरणार, असं म्हणून तिनं मला चढवलं, आणि मी चढलो. देव ज्या घमेल्यात भिजवले, त्यातच माझे दगडही भिजत होते. वेगळं घमेलं घ्यावं, हे तपासनिसाला सुचलं नाही.

तुळशीच्या लग्नाच्या दुपारी मी घमेल्यातला एक गुळगुळीत काळा दगड करवतीला लावला. दोन फाका झाल्या आणि आत जिलबीसारखा गोल गोल वळलेला शंख निघाला. असला नमुना उभ्या जन्मात हाती लागला नव्हता. मी हरखून एका फाकेला घुमट दिला, आरशासारखं पॉलिश केलं. मग दुसरी फाक उलटली. तिच्या पाठीवर जानव्यासारखी पांढरी रेघ होती.

सासूबाईंचा शाळिग्राम. लग्नात बायकोबरोबर नागपूरहून आलेला. दर वर्षी तुळशीचा नवरा तोच.

मी धावत अंगणात गेलो. तुळशीसमोर पाटावर हळद लावून, मुंडावळ्या बांधून जो बसला होता, त्याला मी लगेच ओळखलं. चंद्रपूरकडून आणलेलं डायनासोरचं शेण, युगानुयुगं पडून दगड झालेलं. देवांबरोबर मीच ते घासून देवघरात ठेवलं होतं. बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलेलं, त्यात गंध लावल्यावर सगळे सारखेच. शेजारीण मात्र म्हणाली, "भाभीजी, दूल्हा इस बार मोटा हो गया है."

खरं सांगतो, अंतरपाट धरेपर्यंत मी गप्प होतो. गप्पच राहिलो असतो तर लग्न लागून गेलं असतं. पण बायको इतक्या मनापासून हात जोडून उभी होती की मला राहवेना. तिला आत बोलावून मी मूठ उघडली.

तिनं पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं. "मग बाहेर कोण बसलंय?"

"शेण," मी म्हणालो. "डायनासोरचं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पॉलिश केलेली फाक घेऊन खिडकीशी गेली, डोळ्याला लावून बघत राहिली. "आईनं अर्धा जन्म याला आंघोळ घातली," ती म्हणाली. "आत शंख आहे, हे तिला कधी कळलंच नाही."

मग तिनं डोळे पुसले. शाळिग्राम भंगला तरी पुजतात, असं आईच सांगायची म्हणाली, आणि दोन्ही फाका लाल धाग्यानं बांधल्या. माझ्या घुमटामुळे त्या नीट जुळेनात. नवरदेव लग्नभर डुगडुगत होता.

दुसऱ्या दिवशी मी देवघरातून शेण उचलायला गेलो, तर तिनं अडवलं.

"राहू द्या. पंधरा दिवस नैवेद्य खाल्लाय त्यानं. आता हाकलू कसा?"

तेव्हापासून ते देवघरात आहे, रोज फूल मिळतं. देव मात्र आता ती स्वतःच घासते. मला देवघरात हात लावू देत नाही, आणि ते मला फार लागतं.