लांबचा ठोका

धाकट्याचे केस पिकले, दाढा पडायला लागल्या, तरी सगळे त्याला धाकट्याच म्हणायचे. यात थोरल्याचा काय दोष? पण धाकट्याने तोही त्याच्याच माथी मारला होता. आई-बाप गेल्यावर थोरल्याने त्याला वाढवलं, कामाला लावलं, लग्न लावून दिलं, ते मोडल्यावर पुन्हा आपल्या घरात घेतलं. उपकार फार झाले की काही माणसं ते फेडत नाहीत, उपकार करणाऱ्याचाच राग करायला लागतात. धाकटा त्यातलाच.

दोघांचं काम एकच, घण मारण्याचं. जिथे इमारत उभी राहायची, तिथे जमीन तपासणारे साहेब ओळीने छोटी यंत्रं रोवायचे. त्यांना सगळे 'कान' म्हणत. ओळीच्या टोकाला लोखंडी प्लेट ठेवायची आणि तिच्यावर घण घालायचा. हादरा जमिनीच्या अंगाने पळत जायचा, कान तो टिपायचे आणि साहेबांच्या लॅपटॉपवर रेघा उठायच्या. हादरा रेंगाळला तर माती भुसभुशीत, झपाट्याने गेला तर टणक. त्यावरून जमिनीची प्रत ठरायची आणि प्रतीवरून इमारतीचा पाया.

थोरल्याचा ठोका म्हणजे ठोका! घण सपाट पडायचा, उसळायचा नाही. पण वर्षभरात त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. हे एकट्या धाकट्याला ठाऊक होतं, कारण बायकोला कळू नये म्हणून थोरला अंगातला सदरा त्याच्याकडून काढून घ्यायचा.

मग वरून हुकूम आला, यापुढे एका पथकाला एकच घणवाला. साहेबांना गंमत सुचली. "दोघं मारून दाखवा," ते म्हणाले. "ज्याच्या रेघा चांगल्या, तो राहील."

बंद कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत कान रोवले. शेजारच्या रस्त्यावरून ट्रक धडधडत होते. प्लेट ओळीच्या टोकाशीच होती. तिथून थोरल्याचा ठोका दुखऱ्या खांद्यानेही सरस पडला. साहेबांनी मान डोलावली. या वयात धाकट्याला दुसरं काम कोण देणार? भावाच्या घरात बसून फुकटचं खायचं?

"साहेब, जवळून काय, कोणीही मारेल," तो म्हणाला. "खोलवरचं बघायचं तर लांबून मारून घ्या ना. आणि लागोपाठ."

लांबचा ठोका जरा दुबळा पडला की ट्रकांच्या गोंगाटात हरवतो. तो अंगातला सगळा जोर काढून मारावा लागतो, पुन्हा पुन्हा. थोरल्याने एकदा भावाकडे पाहिलं आणि प्लेट स्वतःच उचलून लांब नेली.

पहिला ठोका गेला. दुसरा गेला.

"हात आहे की काडी?" साहेब ओरडले. "जोरात मार!"

पथकातले बाकीचे हसले. धाकटाही हसला. मग थोरल्याचा घण डोक्यावर गेला आणि खांद्यात काहीतरी तुटलं. घण एकीकडे पडला, थोरला दुसरीकडे. धाकट्याने घण उचलला आणि उरलेले ठोके मारले. नोकरी त्याची झाली.

थोरल्याला गाडीत घातल्यावर साहेब म्हणाले, "वेडाच आहे तुझा भाऊ. सकाळीच येऊन सांगून गेला, माझा खांदा गेलाय, धाकट्यालाच ठेवा. मी म्हटलं, ठेवतो त्यालाच, पण गंमत म्हणून जाता जाता एक मारून दाखव. तो एकावरच सुटला असता रे, लांबचं तूच काढलंस."



हात गळ्यात बांधून थोरला घरी आला, तेव्हा वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. "असं कसं झालं हो?"

"माझीच हौस," थोरला भिंतीला टेकत म्हणाला. "हा ओरडत होता, दादा, नको मारूस. माझ्यासाठी साहेबांशी भांडला. मीच ऐकलं नाही."

वहिनीने डोळे पुसले आणि आपल्या वाटणीचं धाकट्याच्या ताटात वाढलं. "भाऊजी, पोटचा मुलगा करणार नाही एवढं केलंत तुम्ही."

थोरला त्याच्याकडे बघत होता. त्याने चारचौघांत कानाखाली काढली असती, तर धाकट्याने ती सुखाने सोसली असती.

"जेव," थोरला म्हणाला. "आता तुझ्या एकट्याच्या जिवावर घर आहे."

धाकटा जेवला. वहिनीने पुन्हा वाढलं, तेही त्याने खाल्लं.