वरातीचं गाणं

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला दोंडाईच्याजवळच्या शेतातली ती दुपार आठवते. गावातले क्लॅरिनेटवाले नाना आणि नाटकाचे पडदे रंगवणारे पेंटर आबा गेले एकाच तारखेला, वर्षं तेवढी वेगळी. म्हणून गाव दोघांची आठवण एकदमच, भरीत-भाकरी करून काढायचं. त्या वर्षी फोटोंना हार घातले आणि नानांच्या बँडला काहीतरी दुःखाचं वाजवायला सांगितलं. बँडवाले एकमेकांची तोंडं बघू लागले. जन्मभर लग्नं वाजवलेली, दुःखाचं येतंय कुणाला? शेवटी हाताच्या सवयीने वरातीचंच गाणं सुरू झालं. "अरे, बंद करा!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे धास्तावून आबांच्या बायकोकडे, अक्कांकडे, बघू लागले. अक्का डोळे पुसता पुसता हसल्या. "थांबू नका रे भाऊ, मनी वरातमा नानानी हाईच वाजाडं व्हतं," म्हणाल्या आणि पदर खोचून स्वतःच्या वरातीतल्या त्या गाण्यावर सरळ नाचायलाच उतरल्या. यंदा त्या दोन फोटोंशेजारी अक्कांचाही फोटो लागला, आणि काय वाजवायचं हे बँडवाल्यांनी कुणालाच विचारलं नाही.