आमच्या घरी केळं कुणी मोजत नाही

फोनमधले डॉक्टर आम्हाला गळ्यापासून वर दिसायचे. आम्हीही त्यांना तेवढेच दिसत असणार. गळ्याच्या खाली माणसाला पोट असतं, आणि माणसाच्या पाठीमागे स्वयंपाकघर असतं, हे त्या फोनला कुठून कळणार? पण डॉक्टरांना तरी कळायला हवं की नाही?

आमच्या ह्यांना रक्तदाब जुनाच. नंतर किडन्या कमजोर निघाल्या. जळगावच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून स्पष्ट सांगितलं, पथ्य सांभाळा, डायलिसिसवर जायची वेळ येऊ देऊ नका. आता आमची लेक धुळ्याला. तिला वाटलं, बाबांना चांगल्यातला चांगला सल्ला मिळावा, दगदग न होता मिळावा. म्हणून तिने मोठ्या शहरातले एक नावाजलेले डॉक्टर फोनवर लावून दिले. दर महिन्याला घरबसल्या भेट. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले. खाली घरचाच पायजमा. डॉक्टरांनी मीठ विचारलं, लोणचं विचारलं, पापड विचारला. मग म्हणाले, दिवसभरात काय काय खाता? ह्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं: सकाळी चहा, दुपारी दादर ज्वारीची भाकरी, भाजी, वाटीभर वरण, रात्री खिचडी. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. डॉक्टर मान हलवत खाली बघून काहीतरी टाइप करत होते. शेवटी म्हणाले, "पोटॅशियमवर लक्ष ठेवा. वाढलं तर हृदय बंद पडू शकतं." म्हणजे काय करायचं, ते विचारायला मी तोंड उघडलं, तोवर पडद्यावर त्यांच्या जागी आभार मानणारी पाटी आली. पुढचा पेशंट वाट बघत असेल.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "पोटॅशचं खत मी जन्मभर केळीला घातलं गं. स्वतः कधी खाल्लं नाही." आम्ही दोघं हसलो. असं हसलो की आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

कारण आमचं गाव चोपड्याकडचं, तापीकाठचं. घराची भिंत संपली की केळीची बाग सुरू. आता आम्ही जळगावात राहतो, पण दीर गावी शेती बघतात. गाडीत माल भरताना जे घड बाजूला पडतात, त्यातला एक आमच्याकडे येतो. मागच्या खोलीत आढ्याच्या हुकाला तो टांगलेला असतो. जाता-येता हात वर करायचा, एक तोडायचं, साल बादलीत टाकायची. भूक लागली म्हणून नव्हे, हात रिकामा आहे म्हणून. आमच्याकडे केळं विकत आणणाऱ्या माणसाची कीव करतात. आजाऱ्याला बघायला जाताना सफरचंद नेतात, मोसंबी नेतात. केळी नेली तर ते लोक म्हणतील, ह्यांना काही मिळालं नाही वाटतं. मी एकदा दिरांना म्हटलं होतं, भाऊ, तुमचे दादा जेवायच्या आधी दोन-दोन केळी खातात, मग जेवण जात नाही. तर ते म्हणाले, "वैनी, केळं काय जेवन शे का?"

तर असं. काय खाता, असं विचारल्यावर केळं कोण सांगणार? पाणी पितो, श्वास घेतो, हे सांगतं का कुणी?

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी एका डॉक्टरचा व्हिडिओ टाकला. पांढरा कोट, पाठीमागे पुस्तकं, बोलणं गोड. रक्तदाबवाल्यांनी रोज केळी खा म्हणे, पोटॅशियम मिळतं. भराभर बोलला, पोटॅशियमचं काय म्हणाला तिकडे आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं. ह्यांनी केळं तेवढं ऐकलं. रक्तदाब होताच. किडनी खराब असलेल्याने काय करायचं, हे तो बाबा बोललाच नाही. त्याला काय, समोर कुणी बसलेलं थोडंच होतं? मला सांगा, माणूस न बघता औषधाची पुडी देणाऱ्याला आपण भोंदू म्हणतो. मग माणूस न बघता सल्ला वाटणाऱ्याला काय म्हणायचं? ह्यांचा हात हुकाकडे जास्तच जायला लागला. आता तर तो पथ्य म्हणून जात होता.

एके सकाळी हे ओट्यावरून उठेनात. पाय माझे नाहीतच, म्हणाले. आवाजही खोल गेलेला. लेकीने धुळ्याहून फोनवाल्या डॉक्टरांना कळवलं, तर यंत्राचं उत्तर आलं, आपला संदेश मिळाला आहे. मी शेजारच्या रिक्षात घालून ह्यांना आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला तारा लावल्या, कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. नर्सला इंजेक्शन आणायला सांगता सांगताच मला विचारलं, "काकू, घरी घड टांगलेला आहे का?"

मी म्हटलं, असणारच ना.

बस्, एवढंच विचारायचं होतं. हे वाचले. दवाखान्यात राहावं लागलं, पण वाचले.

पुढच्या महिन्यात परत फोनवाल्यांची वेळ आली. लेक म्हणाली, आई, तू शांत राहा. मी राहिले. तर ते डॉक्टर रिपोर्ट वाचून म्हणतात, मी पोटॅशियमचं आधीच सांगितलं होतं. मग मात्र मी ह्यांच्या हातातून फोन घेतला.

"साहेब, आमच्या बाजारात पोटॅशियम पाटीत घेऊन कुणी बसत नाही. केळं म्हणाला असतात तर कळलं असतं."

"केळी खातात, हे त्यांनी सांगितलं नाही ना, मावशी."

"तुम्ही जळगावच्या माणसाला केळ्याचं विचारलं नाही. आमच्या गावाचं नाव तुमच्या समोर लिहिलेलं असतं. ते कशाला लिहून घेता मग?"

मी फोन उलटा फिरवला आणि घर दाखवत चालले. हे बघा चूल, हे पिठाचे डबे, हा रिकामा हुक, घड मी काढून टाकलाय. लेक धुळ्याहून त्याच फोनवर जोडलेली, ती आई, आई करत होती. फडताळापाशी आल्यावर डॉक्टरांनी मला थांबवलं. पहिल्यांदाच त्यांनी वाकून नीट बघितलं.

"तो वरचा मोठा डबा कसला?"

"वेफर आहेत. घरचे," मी म्हटलं, आणि मग हळूच पुढचं सांगितलं, "केळ्याचे."

"तेही बंद करा," ते म्हणाले. वेळ संपली, आभाराची पाटी आली.

हे पलंगावरून डब्याकडे बघत होते. दवाखान्यातून आल्यापासून रोज चहाबरोबर मीच त्यांना मूठभर देत होते. केळं नाही तर निदान हे तरी, म्हणून.

"वेफरसुद्धा?" त्यांनी विचारलं. असं विचारलं, जणू फोन अजून चालूच आहे.

फोनमध्ये उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मग मीच स्टुलावर चढले आणि डबा खाली काढला.