डोक्यावरचा र

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या शेजारच्या अक्का सुपात तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळायच्या. लेक बार्शीला दिलेली. पण एसटीची पाटी वाचता येईना, म्हणून नवऱ्याला सवड होईस्तोवर भेट नाही. मग मी सुपातल्या तंबाखूतच बोटानं ‘बार्शी’ लिहून दाखवलं.

"अगं, हा र डोक्यावर का चढला?" अक्कांनी विचारलं. मलाही ठाऊक नव्हतं की!

त्यांचे मालक दारातून म्हणाले, "बाईमाणूस असंल. शिकवलं की बसतंय डोक्यावर!"

पुढच्या सोमवारी अक्का एकट्या लेकीला भेटून आल्या. "डोक्यावर र बघितला अन् चढले गाडीत," म्हणाल्या.

आठवड्यात गल्लीतल्या चौघी सुपं घेऊन माझ्या ओट्यावर हजर. त्यातली दुधनी गावची, आपल्या गावाचं नाव लिहिलेलं बघून हिरमुसली, "आमच्या गावाच्या डोक्यावर कुणीच न्हाय व्हय?" ‘नी’च्या डोक्यावरची वेलांटी दाखवली, तेव्हा कुठं हसली.